वकिलीची पहिली दोन वर्षे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कायद्याची पदवी घेतलेली, सनद हाती पडलेली आणि आता एखाद्या लॉ फर्ममध्ये रुजू होऊ घातलेली मुले-मुली समोर बसली आहेत असे समजून मी आज बोलणार आहे. त्यांच्या आईवडिलांनीही ऐकायला हरकत नाही. घरात आधी कुणी वकील नसेल, तर ‘मुलगी वकील झाली, पण कोर्टात उभी कधी राहणार?’ हा प्रश्न दर रविवारी जेवताना निघतो. उत्तर असे की, फर्ममध्ये पहिली दोन वर्षे बहुतेक वेळ कागदांपुढे जातो. तो वाया जात नाही. या काळात सीनिअर तुमची हुशारी जोखत नसतो. ‘याच्या हाती काम दिले की मागे वळून पाहावे लागत नाही’ असा भरवसा वाटतो का, एवढेच तो पाहत असतो. हा भरवसा कशाने मिळतो, तेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट, मुदत. कायद्याच्या पुस्तकात मुदत ही एक ओळ असते. अशिलाच्या आयुष्यात ती घर, दुकान किंवा जमीन असते. साधे उदाहरण घ्या. एखाद्या किराणा व्यापाऱ्याला मिळालेला चेक न वटता परत आला. बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीचा उशीर माफ करण्याची मात्र तरतूद नाही. चेकची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल, तर तो पुन्हा बँकेत टाकून पाहता येतो. ती संपली असेल, तर फौजदारी तक्रारीचा रस्ता बंद. नोटिशीचा मसुदा तुमच्या टेबलावर चार दिवस पडून राहिला, तर किंमत त्या व्यापाऱ्याने मोजायची.

अशा आणखी काही मुदती पाठच हव्यात. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत कैफियत दाखल झाली नाही, तर तो हक्क जातो. लवादाचा निवाडा रद्द करून मागायचा असेल, तर तीन महिने आणि पुरेशा कारणासाठी आणखी ३० दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. नोंदणी सक्तीची असलेला दस्त सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी हजर करावा लागतो. म्हणून नवा कागद हातात आला की आधी वरची तारीख पाहा, शेवटचा दिवस मोजा आणि तो दोन ठिकाणी लिहा. एक तुमच्या डायरीत, दुसरा फाइलच्या आतल्या बाजूला. मोबाइलची आठवण लावाच, पण मोबाइल तुमच्याबरोबर घरी जातो आणि फाइल ऑफिसात राहते. तुम्ही तापाने घरी पडलात, तर दुसऱ्याला ती तारीख फाइलवरच दिसली पाहिजे.

आणि एखादी मुदत चुकली असे लक्षात आले, तर त्याच तासाला सीनिअरला सांगा. बोलणी बसतील. पण मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ करून मागताना तो का झाला हे पटवून द्यावे लागते, आणि लपवण्यात गेलेला प्रत्येक दिवस ते पटवणे अवघड करतो.

दुसरी गोष्ट, फाइल स्वतः वाचणे. सीनिअर सांगतात, ‘जरा याची टिपण काढ.’ नवा मुलगा आधीच्या ज्युनिअरची टिपण उघडतो आणि तीच सुधारून देतो. असे करू नका. मूळ कागद पहिल्या पानापासून वाचा. परिशिष्टे वाचा, पाठीमागचे शिक्के आणि सह्यांखालच्या तारखाही वाचा. मग घटनांची तारीखवार यादी करा आणि प्रत्येक तारखेपुढे फाइलचा पान क्रमांक टाका. न्यायाधीशांनी ‘हे कुठे आहे?’ विचारले आणि सीनिअर मागे वळले, की तुम्हाला पान क्रमांक सांगता आला पाहिजे. पुढच्या मॅटरला ते तुम्हालाच बरोबर नेतील.

तारीख पाहण्याची सवय फौजदारी कामात आता फारच गरजेची झाली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या फसवणुकीला जुन्या दंड संहितेचे कलम ४२०, त्यानंतरच्या फसवणुकीला नव्या संहितेचे कलम ३१८. अशील ‘चारशेवीस लावा’ म्हणतो, तेव्हा ‘हे घडले कधी?’ हा तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

तिसरी गोष्ट, दाखले. हल्ली संगणकाला प्रश्न विचारला की तो क्षणात निवाड्यांची यादी पुढे ठेवतो. शोधाशोध सुरू करायला त्याची मदत होते. पण त्या यादीतला निवाडा अस्तित्वात आहे का, हे तुम्हीच पाहायचे. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ साली चॅट-जीपीटीने रचलेले, मुळात नसलेलेच निवाडे वकिलांनी दाखल केले, आणि न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. तेव्हा निवाडा मुळातून उघडा, ज्या परिच्छेदावर भिस्त आहे तो वाचा आणि पुढे तो फिरवला गेला नाही ना, हे तपासा. शिवाय अशिलाची नावे, रकमा, करारातली कलमे अशा साधनात सीनिअरला न विचारता टाकू नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेले गुपित ठेवण्याचे बंधन वकिलावर आहे आणि प्रकरण संपल्यावरही ते संपत नाही. हेच लोकलच्या डब्यातल्या आणि चहाच्या टपरीवरच्या गप्पांनाही लागू. फोर्टमधल्या टपरीवर तुमच्या शेजारी चहा पिणारा समोरच्या बाजूचा क्लार्क असू शकतो.

आता लातूर, जळगाव, चिपळूणहून मुंबई-पुण्याच्या फर्ममध्ये आलेल्यांशी थोडे बोलतो. तिथले वातावरण इंग्रजी असते आणि शेजारच्या टेबलावरची मुले भराभर बोलतात. आपण मागे पडलो असे वाटू लागते. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, तेव्हा चांगले इंग्रजी कमवायलाच हवे. रोज एका निवाड्याची दहा पाने मोठ्याने वाचा, लहान वाक्ये लिहा. शब्द अवजड असले म्हणजे मसुदा कायदेशीर होतो, हा गैरसमज आहे. पण तुमच्याजवळ काय आहे, तेही ओळखा. जमिनीच्या व्यवहारात सातबारा, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र हे सारे मराठीत असते. फिर्याद आणि जबाब मराठीत असतात. फेरफाराच्या नोंदीत बहिणीचे नाव कधी आणि कशाच्या आधारे कमी झाले, हे ज्याला वाचता येते, तो त्या टेबलावरचा सगळ्यांत उपयोगी माणूस असतो. ते काम कमी दर्जाचे समजून दुसऱ्याकडे ढकलू नका. मालकी हक्काचा शोध नीट घ्यायला शिकलेला वकील कधी रिकामा बसत नाही.

चौथी गोष्ट, विचारणे आणि सांगणे. काम घेताना तीनच प्रश्न विचारा: नेमके काय हवे, कधीपर्यंत हवे आणि कोणासाठी हवे. अशिलाला पाठवायचे पत्र आणि सीनिअरसाठीची टिपण या वेगळ्या गोष्टी आहेत. अडलात तर आधी अर्धा तास स्वतः शोधा आणि मग ‘मी हे पाहिले, इथे अडलो’ असे विचारा. उत्तर देताना निष्कर्ष आधी, कारणे नंतर आणि जिथे खात्री नाही ते शेवटी स्वच्छ शब्दांत. माहीत नसताना ‘हो सर’ म्हणणे हा नव्या वकिलाचा सगळ्यांत महागडा शब्द आहे.

फर्ममधल्या जुन्या क्लार्कना मान द्या. कोणत्या टेबलावर कोणती हरकत निघते, नकलेचा अर्ज कुठे अडतो, बोर्डावर मॅटर कुठवर पोहोचेल, हे त्यांना पाठ असते. ‘काका, जरा दाखवता का?’ म्हणून त्यांच्याबरोबर चार दिवस रजिस्ट्रीत फिरा. ई-फायलिंग आले तरी हरकती निघायच्या थांबलेल्या नाहीत.

शेवटी पैशांचे. सुरुवातीचे मानधन फर्मगणिक फार वेगळे असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून रुजू होण्यापूर्वी रक्कम, सुटी आणि येण्याजाण्याच्या खर्चाबद्दल स्पष्ट बोलून घ्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसऱ्याच्या करारातला शब्दन्‌शब्द तपासणाऱ्याने स्वतःचा करार मोघम ठेवू नये. आणि वर्षभर थांबूनही तुम्हाला एकही मसुदा लिहायला मिळाला नाही, कुणी तो तपासून दिला नाही, फक्त झेरॉक्स आणि तारखा घेणे एवढेच वाट्याला आले, तर जागा बदला. ज्युनिअरने राबायचे आणि सीनिअरने शिकवायचे, असा हा जुना व्यवहार आहे. त्यातली दुसरी बाजू पाळली जात नसेल, तर पहिली पाळत राहण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

अखिल भारतीय बार परीक्षा राहिली असेल तर लवकर देऊन मोकळे व्हा. काम वाढले की अभ्यासाला वेळ मिळत नाही. आणि उद्या सकाळी ऑफिसात गेल्यावर टेबलावरची प्रत्येक फाइल उघडून तिची पुढची तारीख डायरीशी ताडून पाहा. तासाभराचे काम आहे.