फाटलेलं पान
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या चित्रांबद्दल दहा मिनिटं बोल. सकाळी हॉलच्या कोपऱ्यात माझी सहा चित्रं टांगली, तेव्हा मागच्या बाकावरचा आपला एक मित्र बराच वेळ समोर उभा राहिला आणि म्हणाला, "कायचं चित्र होय बे हे?" मी म्हटलं, "कशाचंच नाही." तो म्हणाला, "मंग टांगलं कायले?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन पाहतो.

चित्रकलेचे सर समोर बसले आहेत. त्यांना आठवणार नाही, पण इंटरमिजिएटच्या तयारीत स्मरणचित्राला मी कापसाच्या गाड्यांची रांग काढली होती. सर म्हणाले, "गाड्या ठीक आहेत. दोन गाड्यांमधली जागा मात्र छान आली." मला तेव्हा ते टोमण्यासारखं वाटलं. जागा काय, ती तर मी काढलीच नव्हती!

पुढे बँकेत लागलो, चित्रं सुटली. दिल्लीला बदली झाली तेव्हा राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात वासुदेव गायतोंड्यांचं चित्र पाहिलं आणि सरांचं वाक्य आठवलं. गायतोंडे मूळचे गोव्याकडच्या घरातले, पण जन्म १९२४ चा, नागपूरचा. म्हणजे आपल्याच लाईनवरचे म्हणायला हरकत नाही. १९४८ साली ते जे. जे. मधून बाहेर पडले, १९७१ साली पद्मश्री मिळाली आणि नंतर ते दिल्लीला निजामुद्दीनमध्ये राहू लागले. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना आवडत नसे. त्यांच्या चित्रांना आज कोटींचे भाव येतात. ते आकडे मी सांगत नाही, नाहीतर पुढचं कोणी ऐकणार नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं काम करणं. ब्रशऐवजी ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून ओल्या रंगावर ठेवत आणि उचलून घेत. कागद निघून जाई, त्याचा ठसा तेवढा राही. १९८४ साली त्यांना मोठा अपघात झाला. मोठे कॅनव्हास झेपेनासे झाले, तेव्हा त्यांनी लहान कागदावर शाईनं काम केलं. ती रेखाटनं एखाद्या लिपीतल्या अक्षरांसारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. ती पाहून मला वाटलं, शाई आणि कागद, एवढं तर आपल्याही घरात आहे.

खरंच होतं. बाबांचं अडतीचं छोटं दुकान तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय. लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या, त्यात टाकानं लिहिलेलं बाबांचं बारीक अक्षर. १९७२ साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली आणि त्या वह्यांतून कापूस नाहीसा झाला. पुढे नुसती तूर, ज्वारी, भुईमूग. अक्षरही पुढे पुढे विरळ होत गेलेलं. बाबा कधी बोलले नाहीत, पण वही बोलते.

निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात मी धामणगावला आलो, माळ्यावरून एक वही काढली आणि एक पान फाडलं. हातकागदावर काळी शाई सोडली होती. ती सुकल्यावर त्या पानाचे तुकडे खळ लावून चिकटवायचे होते. मैद्याची खळ, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. सगळं मांडून बसलो आणि दादा आत आला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तुकडे गोळा केले, वही बगलेत मारली आणि म्हणाला, "तुले कागदच पाहिजे होता तं पेपर होता ना घरात." आठ महिने आम्ही बोललो नाही. वहिनी फोनवर दोन्हीकडची खुशाली सांगायची.

त्या आठ महिन्यांत मी मनातल्या मनात दादाशी खूप भांडलो. कलेला सगळं माफ असतं वगैरे. मग एकदा चित्र करताना लक्षात आलं की ते पान मी घेतलं कारण ते बाबांचं होतं, आणि फाडलं ते जणू कोणाचंच नाही अशा थाटात. गायतोंड्यांनी रद्दी घेतली होती. ती सकाळी कोणीही वाचून टाकलेली असते.

कोपऱ्यातली सहाही चित्रं त्यानंतरची आहेत. त्यात पुड्यांचे कागद आहेत, लग्नपत्रिका आहेत, बँकेची माझीच जुनी पत्रं आहेत. वहीतलं काही नाही. पण काळ्या शाईच्या मधे जी रिकामी पट्टी सोडली आहे, ती त्या लांबट पानाच्या मापाची आहे. मित्रा, टांगलं ते त्या पट्टीसाठी.

काल रात्री दादाकडेच उतरलो. जेवणानंतर त्यानं कपाटातून वही काढून समोर ठेवली. ते पान त्यानं जोडलंय, खळ लावून, मागून पतंगाचा कागद देऊन. एक तुकडा हरवलाय. दोन ठिकाणी ओळी नीट जुळत नाहीत, ज्वारीचा भाव भलत्याच नावासमोर गेलाय. इतकं सुंदर काम माझ्या हातून अजून झालेलं नाही.

मी विचारलं, "दादा, हे पान देतं का मले? फ्रेम करून लावतो."

"नाई," म्हणाला, आणि वही उचलून आत ठेवून आला.