नदीचं गाणं आणि गिटार



घरात मुलांनी रॉक संगीत लावलं की मोठ्यांना ते परकं वाटतं. आज मोठ्यांना आणि मुलांना एकत्र बसवून मला एका रॉक बँडबद्दल बोलायचं आहे. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा पहिला अल्बम १९९३ साली आला आणि दुसरा स्टुडिओ अल्बम ‘कंदिसा’ २००० साली. त्याचं शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामी भाषेतली प्रार्थना. पण आपल्या काळजाला भिडेल ते त्यातलं ‘मा रेवा’.

रेवा म्हणजे नर्मदा. बँडचे बास गिटारवादक राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि नर्मदा बचाओ आंदोलनात उतरले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली गाव नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलं, तोच हा काळ. नर्मदाकाठचे लोक आईला हाक मारावी तसं गात आले ते गाणं राहुल राम यांनी बँडकडे आणलं.

बँडनं त्याची चाल मोडली नाही. असीम चक्रवर्ती मांडी घालून बसत आणि तबला वाजवता वाजवताच गात. शेजारी सुस्मित सेन यांची गिटार, मागे अमित किलम यांचे ड्रम. ध्रुवपद भजनासारखं फिरून फिरून येतं आणि दर वेळी वाद्यं थोडी चढतात. गाणं पुढे, वाद्यं त्याच्या मागे.

आपल्या गोदाकाठच्या धर्माबादकरांना नदीची माया वेगळी सांगायला नको. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे १४ दरवाजे १ जुलैला वर उचलतात आणि ऑक्टोबर सरता सरता खाली सोडतात. इथल्या शेतकऱ्याचं लक्ष त्या तारखांकडे असतं. इथल्या मिरचीच्या बाजारात एकाच सौद्यात मराठी, तेलुगू आणि दखनी कानावर पडते. गाण्याला आणखी काय लागतं?

गॅदरिंगसाठी गिटार शिकणाऱ्या मुलामुलींनो, सिनेमाची गाणी जरूर वाजवा. पण एकदा आजीला गोदामाईची ओवी म्हणायला सांगा. ती श्वास कुठे घेते, शब्द कुठे लांबवते, ते नीट ऐका आणि मगच ठेका धरा. ओवीला ड्रममागे पळवू नका. धर्माबादचं रॉक असंच उभं राहील आणि ते परकं आहे असं कुणी म्हणणार नाही.