फुलांचीं शेतें आणि घरचीं छायाचित्रें

फाल्गुनाच्या सुमारास नवी मुंबईंतील पुष्कळ घरांत परदेशांतून छायाचित्रें येऊं लागतात. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियांत नोकरीस. टेकडीच्या उतारावर नजर पोहोंचेल तेथवर नारिंगी फुलें उमललेलीं. आणि त्या फुलांत पांढऱ्या कपड्यांत उभीं असलेलीं नातवंडें. चित्र घरांतील प्रत्येकाच्या हातांतून फिरतें. मग नेरुळच्या एखाद्या सदनिकेंत असा बेत निघतो कीं, मंडळी येत्या मार्चांत पंधरा दिवसांसाठीं येणार आहेत, आजीचें वय ऐशींच्या पुढें गेलें आहे, चार पिढ्या एकत्र येण्याचा योग पुन्हां केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. तेव्हां एखादें फुलांचें शेत गांठून सर्वांचें एक चित्र काढून घ्यावें. शेत कोठें आहे, एवढेंच काय तें ठरवावयाचें उरतें.

श्रोतेहो, या प्रश्नाचें सरळ उत्तर ऐकावयास बरें वाटणार नाहीं. मार्च महिन्यांत नवी मुंबईच्या आसपास असें शेत कोठेंहि नसतें. खारघरच्या टेकड्यांवर त्या वेळीं वाळलेलें गवत असतें, आणि मधून मधून वणव्यानें काळे पडलेले उतार. येथें टेकडीचा कांहीं दोष नाहीं. दोष असलाच तर ऋतूचें नांव एका देशांतून उचलून दुसऱ्या देशांत जसेंच्या तसें लावण्याचा आहे. कॅलिफोर्नियांत पाऊस हिवाळ्यांत पडतो. त्या ओलीवर तेथील बीं रुजतें आणि ऊन कडक होण्यापूर्वीं फुलून मोकळें होतें. कोंकणांतील बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ज्या रोपांचीं मुळें बोटभर, त्यांना आपला सगळा संसार या चार महिन्यांत आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत उरकावा लागतो. मार्चांत जमीन भेगाळते, आणि त्या दिवसांत फुलण्याची ऐपत खोल मुळांच्या वृक्षांनाच असते. आपल्याकडील वसंत हा झाडांचा ऋतु आहे. भुईवरच्या फुलांचा ऋतु भाद्रपद-आश्विनांतला. काव्यांतील वसंतवर्णनें वाचून वाढलेल्या सुशिक्षित मनाला हें चटकन् पटत नाहीं. गुराख्याला तें कोणी शिकवावें लागत नाहीं.

ज्यांना मार्चच साधावयाचा आहे, त्यांनीं मान वर करावी. पळस, पांगारा आणि काटेसावर यांनीं या दिवसांत पानें टाकलेलीं असतात आणि निष्पर्ण फांद्यांवर लाल-केशरी फुलें धरलेलीं असतात. पनवेलपासून गोव्याच्या रस्त्यानें दहा-बारा किलोमीटरांवर कर्नाळ्याचें पक्षी अभयारण्य लागतें. तेथें आणि पनवेलच्या पलीकडील रानांत सकाळीं लौकर जावें. झाडाखालीं गळून पडलेलीं फुलें हीं पाखरांनीं व वाऱ्यानें टाकून दिलेलीं असल्यामुळें मुलांनीं तीं ओंजळींत घेतलीं तरी कोणाचें नुकसान होत नाहीं. आजीला झाडाच्या सांवलींत बसवून मुलांनीं तिच्या पुढ्यांत पळसाची रास ओतली, तर तें चित्र कॅलिफोर्नियाच्या चित्राहून उणें ठरेल असें वाटत नाहीं. मुंबईच्या पूर्व द्रुतगति महामार्गावर विक्रोळीजवळ याच दिवसांत गुलाबी टॅबेबुयाचीं झाडें फुलतात. झाड मूळचें मध्य अमेरिकेकडचें, पण आतां मुंबईकरांना घरचेंच वाटूं लागलें आहे. तेथें मात्र मोटार कडेला उभी करून चित्रें काढण्याचा मोह आवरावा. धांवत्या वाहनांच्या रस्त्यावर चार पिढ्या ओळीनें उभ्या करणें हें धाडस आहे, हौस नव्हे. एप्रिल-मेमध्यें पिवळा बहावा आणि महाराष्ट्राचें राज्यपुष्प असलेलें जांभळें ताम्हण यांची पाळी येते. परंतु तोंवर परदेशची मंडळी परत गेलेलीं असतात.

खरें शेत पाहावयाचें तर श्रावण सरण्याची वाट पाहावी. प्रथम तेरडा येतो. कोंकणांत कित्येक घरीं गौर म्हणून याच तेरड्याच्या रोपांची जुडी पुजली जाते. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. म्हणीनें तेरड्यावर थोडा अन्यायच केला आहे. एक फूल लौकर मलूल होतें हें खरें, पण उतारचा उतार आठवडेच्या आठवडे गुलाबी राहतो. मागोमाग सोनकीचीं पिवळीं फुलें, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, कुंपणावर चढलेली कळलावी, आणि ओलसर कातळावर बटणांसारखे पांढरे गेंद. या सर्वांचा मेळा पाहावयाचा तर साताऱ्यापासून सुमारें २५ किलोमीटरांवरील कासच्या पठारावर जावें. समुद्रसपाटीपासून सुमारें १२०० मीटर उंचीचें हें जांभ्या दगडाचें पठार. त्यावर मातीचा थर इतका पातळ कीं झाडाला उभें राहतां येत नाहीं. नेमक्या याच दारिद्र्यामुळें तेथें लहान फुलांचें राज्य आहे. सीतेचीं आसवें या नांवाचें निळें-जांभळें फूल तेथें पाण्याच्या थरावर हजारोंनीं उमलतें. त्याचें रोप कीटकभक्षी आहे. मातींत जें मिळत नाहीं तें तें आपल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून मिळवितें. इतकें कोमल नांव आणि असा आहार!

पश्चिम घाटाला २०१२ सालीं जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचाहि समावेश झाला, आणि तेव्हांपासून गर्दीचा प्रश्न बिकट झाला. हंगामांत आतां आगाऊ नोंदणी करावी लागते, शुल्क द्यावें लागतें, आणि दिवसाला किती माणसें सोडावयाचीं यास मर्यादा आहे. पठाराला जाळीचें कुंपण घातलें गेलें, तेव्हां एक वेगळाच आक्षेप अभ्यासकांनीं पुढें आणला: कुंपणामुळें गुरांची चराई थांबते, उंच गवत माजतें, आणि लहान फुलें त्याखालीं दबतात. फुलांचा शत्रु माणसाचा पाय आहे हें उघड होतें. गाईचें तोंड त्यांचें मित्र असूं शकेल, हें शहरांतील कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. नवी मुंबईहून कास अडीचशे किलोमीटरांच्या आसपास पडतें. वृद्ध माणसांना घेऊन एका दिवसांत जाऊन येण्याचा हट्ट धरूं नये, आणि शनिवार-रविवार टाळावा.

जवळ काय आहे, असें विचाराल तर खारघरची टेकडी आहे. वर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत, आणि गणपतीनंतर रस्त्याच्या दोन्ही कडांना तेरडा व सोनकी दिसूं लागते. पायथ्याच्या पांडवकड्याकडे मात्र पावसाळ्यांत वळूं नये. ओढ्याला क्षणांत लोंढा येतो. तेथें अनेक तरुण जीव गेले आहेत, आणि म्हणूनच त्या दिवसांत तेथें जाण्यास मनाई केली जाते. पाऊस ओसरल्यावर, आकाश मोकळें पाहून, डांबरी रस्ता न सोडतां जावें. कारवीची गोष्ट निराळी आहे. ती आठ वर्षांनीं एकदांच फुलते आणि बीं टाकून मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत ती २०१६ सालीं फुलली, पुन्हां २०२४ सालीं फुलली. तेथील पुढचा बहर २०३२ सालचा. ज्या घरांत आज मूल पाळण्यांत आहे, त्या घरानें ही तारीख लिहून ठेवावी.

आतां चित्र काढण्याविषयीं. फुलांत शिरल्यावांचून फुलांतलें चित्र निघत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. माणसांनीं पायवाटेवरच बसावें. चित्र घेणारानें दहा पावलें मागें जाऊन गुडघे टेंकावे आणि कॅमेरा फुलांच्या उंचीला आणावा. जवळचीं फुलें मोठीं दिसतात, त्यांच्यामागें वाट झांकली जाते, आणि विरळ उतारहि दाट भासतो. उन्हें कलतीं असतांना, सकाळीं नवाच्या आंत किंवा सायंकाळीं पांचानंतर, चेहऱ्यावर कठोर सांवल्या पडत नाहींत. फुलांत जाऊन आडवें पडणारांना हें कोणी सांगत नाहीं कीं, यांतील पुष्कळ रोपें वर्षायु आहेत. बीं धरण्यापूर्वीं तीं चुरडलीं म्हणजे पुढल्या वर्षाचें फूल चुरडलें. कॅलिफोर्नियांतील लेक एल्सिनोर या गांवाजवळ २०१९ सालीं चित्रांच्या हौसेनें इतकी माणसें लोटलीं कीं रस्ते तुंबले आणि डोंगराची वाट कांहीं काळ बंद करावी लागली. २०२३ सालीं तर बहर येण्याआधींच ती बंद ठेवण्यांत आली. नेरुळच्या घरीं आलेल्या सुंदर चित्राच्या मागें ही दुसरी हकीकत असते.

आणखी एक गोष्ट. आश्विनांत रायगड-ठाण्याच्या डोंगरउतारांवर कधीं कधीं पिवळाधमक तुकडा दिसतो आणि सोनकी समजून मंडळी धांवत सुटतात. तो पुष्कळदां कारळ्याचा असतो. सोनकी आणि कारळे दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळांतलीं, म्हणून दुरून फसगत होते. वरकस जमिनींत नाचणी-वरीच्या जोडीला कारळे पेरून त्याचें तेल किंवा चटणी करणाऱ्या घराचें तें वर्षाचें पीक असतें. बांध दिसला, किंवा सबंध तुकड्यांत दुसरें एकहि फूल मिसळलेलें दिसलें नाहीं, तर समजावें कीं तें रान नव्हे. मग मालकाला हांक मारावी, विचारावें, आणि बांधावरूनच चित्र घ्यावें.

नवी मुंबईकरांना घाई करण्यास मात्र एक कारण आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली तेव्हां येथें भातखाचरें, मिठागरें आणि टेकड्या होत्या. पारसिकचा डोंगर दगडखाणींनीं कोरला. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी सपाट झाली आणि नदीचा प्रवाह वळविला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्या विमानतळाचें उद्घाटनहि झालें. शहराला विमानतळ लागतो, घरें बांधावयास खडी लागते, याबद्दल वाद नाहीं. परंतु टेकडी गेली कीं तिच्या बियाण्याची पेढीहि जाते, आणि ती कोणत्याहि उद्यानांत पुन्हां मांडतां येत नाहीं.

उरले आहेत ते न बांधलेले भूखंड. सप्टेंबर महिन्यांत घणसोलीपासून उलव्यापर्यंत अशा भूखंडांवर टाकळा पिवळा होतो आणि कुर्डू कमरेएवढा वाढून तुरे धरतो. रोज तेथून जाणारे त्याला तण म्हणतात. ज्या आजींना कासचा प्रवास झेपणार नाहीं आणि खारघरची चढण तर नाहींच, त्यांच्यासाठीं खुर्ची घेऊन समोरचा रस्ता ओलांडावा, फूटपाथवरच ती ठेवावी, आणि मागें तो तुऱ्यांचा समुद्र घेऊन चित्र काढावें. आजी चित्राकडे फारसें लक्ष देणार नाहींत. त्या हात लांबवून तुरा चिमटींत धरतील आणि सांगतील कीं हा आतां जून झाला. आषाढांत कोवळा असतांना खुडून कांद्यावर परतला असता, तर भाकरीबरोबर सुरेख लागला असता. त्यांचा हात तुऱ्यावर आहे तोंवरच चित्र घ्यावें. पुढल्या पावसाळ्यापूर्वीं त्या भूखंडाला पत्र्याचें कुंपण पडलेलें असण्याचा संभव आहे.