विमान बंद झालं, दार कोणाचं ठोठवायचं?



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, आम्हाला एसटीची पंचाईत आणि तुम्ही विमानाचं काय काढलंत? आमच्या गटातही आधी असंच झालं. विमानात बसलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण बोलता बोलता लक्षात आलं, की हा विषय आपलाही आहे.

गावाची एसटी फेरी बंद झाली की काय करायचं ते आपल्याला पाठ आहे. आगारात जायचं, आगारप्रमुखांना निवेदन द्यायचं, सरपंचांना पुढे करायचं. फेरी मिळेलच असं नाही, पण कोणाला विचारायचं ते ठाऊक असतं. विमानाची फेरी बंद झाली तर दार कोणाचं ठोठवायचं?

सिंधुदुर्गाचंच उदाहरण घेऊ. वेंगुर्ले तालुक्यात परुळे-चिपीच्या सड्यावर विमानतळ झाला. ९ ऑक्टोबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईचं विमान सुरू झालं. केंद्र सरकारच्या मालकीची अलायन्स एअर ते चालवायची. बरोबर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ही सेवा थांबली. विमानतळ जागेवर, धावपट्टी जागेवर, पण मुंबईचं विमान थांबलं.

तीनच वर्षं का? याचं उत्तर 'उडान' योजनेत आहे. केंद्र सरकारने ही योजना २०१६ मध्ये आणली. लहान शहरांना विमान परवडत नाही, कारण प्रवासी कमी आणि खर्च जास्त. म्हणून सरकारने ठरवलं, की विमानातल्या साधारण निम्म्या जागांचं भाडं बांधून द्यायचं. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ते अडीच हजार रुपये धरलं होतं. कंपनीला जी तूट येईल ती सरकारने भरून द्यायची. त्यातला मोठा वाटा मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून आकार घेऊन जमवलेल्या निधीतून येतो आणि महाराष्ट्रासारख्या राज्याला २० टक्के वाटा उचलावा लागतो. शिवाय राज्य विमानाच्या इंधनावरचा कर कमी करतं, पोलीस आणि अग्निशमन दल देतं. ही मदत तीन वर्षांपुरती. तोवर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा.

बचत गटाला फिरता निधी मिळतो तेव्हा आपलंही असंच असतं, नाही का? पैसा सुरुवातीला मिळतो, पुढे धंदा आपला आपण चालवायचा. पण कोणी मध्येच येऊन विचारतं, माल खपतो का, हिशेब लिहिता का, अडचण काय आहे. विमानाच्या मार्गांबाबत हे विचारणं कमी पडलं. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेचा अहवाल दिला. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मदत संपल्यावरही, मार्च २०२३ पर्यंत, टिकून होते ५४. म्हणजे चिपीला जे झालं ते नवल नाही.

चिपीची आणखी एक अडचण होती. गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. सावंतवाडीहून तो जवळ. तिथे विमानं जास्त, वेळा सोयीच्या. प्रवासी तिकडे वळणारच. हे होणार हे आधीपासून दिसत होतं, कारण मोपाचं काम काही रातोरात झालं नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारने कंपनीला हुकूम सोडावा, चालव विमान. तसं होत नाही. १९९४ पासून आपल्याकडे खासगी कंपन्यांना विमानं चालवायची मोकळीक आहे आणि मार्ग त्या स्वतः ठरवतात. ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान अशा दूरच्या भागांसाठी काही प्रमाणात उड्डाणं करावीच लागतात, पण अमुक गावाला जाच, अशी सक्ती नाही. आणि तोट्यातलं प्रत्येक विमान सरकारने जन्मभर पोसावं, असं आम्हीही म्हणणार नाही. तो पैसा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरसाठी, एसटीच्या फेरीसाठीही लागतो.

मग सरकारचं काम काय? आम्हाला तीन गोष्टी वाटतात.

पहिली, वेळेवर सांगणं. मदत कोणत्या तारखेला संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. मालवण, तारकर्लीला घरात पर्यटक उतरवणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या बायकांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या असतील, तर त्यांना हे शेवटच्या आठवड्यात वर्तमानपत्रातून का कळावं?

दुसरी, हिशेब मांडणं. किती जागा भरल्या, किती रिकाम्या गेल्या, सरकारने किती पैसे दिले, हे जिल्ह्यात जाहीर व्हायला हवं. हिशेब पुढे असला तरच ठरवता येतं, की मदत वाढवावी की थांबवावी. राज्य सरकारला मनात आलं तर पुढची मदत देता येते. २०२५ मध्ये सोलापूरच्या विमानासाठी राज्याने एका वर्षाची तूट भरून द्यायचं ठरवलंच. मग कोणत्या गावाला द्यायची आणि कोणत्या नाही, याचा नियमही सगळ्यांना कळला पाहिजे.

तिसरी, पर्याय देणं. विमान गेलं तर मोपाला जाणारी, विमानाच्या वेळा धरणारी एसटी हवी. कुडाळ, कणकवलीला थांबणाऱ्या गाड्यांमध्ये जागा हव्यात. मुंबईला उपचाराला न्यायच्या रुग्णासाठी चांगली रुग्णवाहिका हवी. विमानापेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त माणसांच्या उपयोगाचं आहे.

आपण काय करू शकतो? ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे हा प्रश्न मांडता येतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून हिशेब मागता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे करायचा, आणि राज्याच्या वाट्याबद्दल राज्य सरकारकडे.

आणि घरातल्या कोणाचं तिकीट काढलेलं असताना विमान रद्द झालं, तर लक्षात ठेवा. कंपनीने दुसरं विमान द्यायचं किंवा पूर्ण पैसे परत करायचे, निवड प्रवाशाची. ऐनवेळी कळवलं तर ठरलेली भरपाईही मिळते. वादळासारखं कारण असेल तर भरपाई नाही, पण तिकिटाचे पैसे सुटत नाहीत. तक्रार केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' वर करता येते. घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, मोबाईलवर ती करून देईल.

मैत्रिणींनो, त्या विमानात आपण बसलो नसू. पण सड्यावरची जमीन गावांची गेली आणि पैसा सगळ्यांचा गेला. म्हणून विचारायचा हक्कही सगळ्यांचा. पुढच्या बैठकीत आपल्या गटात यावर बोला आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.

नमस्कार.