बाजू घ्या, पण नावानिशी



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी २०२४ मध्ये पहिल्यांदा मतदान केले असेल. त्या एका वर्षात महाराष्ट्राने लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका पाहिल्या. दोन्ही वेळा एसटीत, पारावर, घरातल्या जेवणाच्या ताटावर एकच वाक्य ऐकू येत होते : ‘सगळे विकले गेलेत.’ पुढारीही आणि पेपर-चॅनलवालेही. उभी हयात पत्रकारितेत घालवलेल्या माणसाला हे वाक्य फार लागते. पण ते मी खोडून काढणार नाही. लोक असे का म्हणू लागले, ते मात्र आज तुम्हाला सांगायचे आहे.

२००९ च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा तुम्ही शाळेत तरी असाल किंवा त्याहून लहान. एकमेकांशी कट्टर स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर एक गौरवपर लेख आला. तिन्हीकडे तोच लेख, शब्द न शब्द तोच. ‘अशोकपर्व’ अशा मथळ्याखाली पानेच्या पाने भरली होती आणि ती जाहिरात असल्याचे कुठेही म्हटले नव्हते. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उजेडात आणले. मग चव्हाण यांचा निवडणूक आयोगाकडे सादर झालेला खर्चाचा हिशेब बाहेर आला. त्यात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये.

पैसे देऊन मजकूर छापल्याचा आरोप चव्हाण यांनी नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे न्यायालयाने मे २०१४ मध्ये ठरवले. हिशेब कायद्याला धरून नाही, असा निष्कर्ष आयोगाने जुलैत काढला आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचा निकाल आपण मानलाच पाहिजे. पण तो लेख कोणी लिहिला आणि एकाच वेळी तीन कचेऱ्यांत कसा पोहोचला, हे सकाळी चहाबरोबर तो वाचणाऱ्या माणसाला कोणीच सांगितले नाही. माझी खंत त्या वाचकासाठी आहे.

या निकालांच्या कितीतरी आधी प्रेस कौन्सिलने पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या या धंद्याची चौकशी करायला दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने नावे घेऊन सविस्तर अहवाल लिहिला. २०१० मध्ये कौन्सिलने तो बाजूला ठेवून त्रोटक अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांपुढे यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला आणि २०११ साल उजाडले. इतरांची झाकपाक उघडी करणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी स्वतःच्या घरातले झाकून ठेवले. पत्रकार म्हणून मला याची शरम वाटते.

निवडणुकीत वाटले जाणारे हातभर हँडबिल तुम्ही पाहिले असेल. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे तो छापावाच लागतो, नाहीतर शिक्षा होते. गल्लीतल्या छापखान्याला लागू असलेला हा नियम पैसे घेऊन छापलेल्या अख्ख्या पानाने बातमीचा वेष घेतला की निष्प्रभ ठरतो. पैसे देऊन बातमी छापून आणणे हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली.

यावर उपाय म्हणून ‘पत्रकारांनी निःपक्ष असावे’ असे सांगितले जाते. मला तेवढ्याने समाधान नाही. मराठी पत्रांनी बाजू घेण्यात कमीपणा कधी मानला नाही. आगरकरांचा ‘सुधारक’, बाबासाहेबांचा ‘मूकनायक’, संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटून उठलेला अत्र्यांचा ‘मराठा’, यांपैकी एकही पत्र तटस्थ नव्हते. पण पत्र कोणाचे, ते कोणासाठी भांडते, हे वाचणाऱ्याला माहीत असे. तो तेवढे वजा करून वाचत असे, पटले नाही तर विरोधी पत्र घेत असे. पक्षपात उघड असला तर वाचक त्याचा हिशेब करू शकतो. छुप्या पक्षपातापुढे तो निःशस्त्र होतो आणि एकदा फसवले गेल्याचे कळले की खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाही.

कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणाची आठवण मला इथे करून द्यायची आहे. संस्थानाचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी हाती आलेल्या काही पत्रांच्या आधारे लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरीही १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. चूक निश्चितच होती. कागद पारखून न घेता छापले होते. तरीही सुटून आल्यावर लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. छापलेल्या प्रत्येक ओळीमागे दोन माणसे स्वतःच्या नावाने उभी होती आणि तिची किंमत त्यांनीच मोजली, हे लोकांनी पाहिले होते.

आज तालुक्याच्या वार्ताहराची काय अवस्था आहे? त्याला मानधन जुजबी आणि जाहिरातीवर कमिशन. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने मिळवायची, त्याच्याच पाणी योजनेतला घोटाळा त्याने लिहायचा! निवडणूक लागली की उमेदवारांकडून पैसे घेऊन बातम्या छापण्याचे ‘पॅकेज’ आणण्याचे काम पुन्हा त्याच्याच गळ्यात. ज्या उमेदवाराकडे पॅकेजचे पैसे नाहीत, त्याची सभा भरगच्च झाली तरी दुसऱ्या दिवशी ओळ येत नाही. मग मतदाराला पैसेवालेच दिसतात आणि तो म्हणतो, ‘सगळे सारखेच.’ सगळे सारखे नसतात. वेगळा असलेला त्याच्यापर्यंत पोहोचू दिलेला नसतो. आणि सगळेच चोर असे लोकांनी मानले, तर त्याचा फायदा जो खरोखर चोर आहे त्यालाच होतो.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्यातले कोणी वार्ताहर होतील, पण त्याहून अधिक जण प्रचार सांभाळणाऱ्या कंपन्यांत जातील, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ आणि ‘सर्व्हे’ तयार करतील. वाणिज्यच्या पदवीधरांपुढे उमेदवाराच्या खर्चाची वही येईल, विधीच्या पदवीधरांपुढे त्यावरच्या तक्रारी. निनावी मजकूर लिहायला किंवा खर्च वहीबाहेर ठेवायला तुम्हाला सांगितले जाईल, तेव्हा सांगणारा बहुधा तुमचा पगार देणाराच असेल. नाही म्हणणे सोपे नाही, हे मला माहीत आहे. तरीही म्हणा. एखाद्या पक्षासाठी काम करावेसे वाटले तर जरूर करा, पण आपले आणि पैसे देणाऱ्याचे नाव खाली छापून करा.

आणि मतदार म्हणून एक काम प्रत्येकाने करा. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नियमाप्रमाणे १ रुपया भरून कोणीही तो पाहू शकतो. पुढच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातली वर्तमानपत्रांची कात्रणे जपून ठेवा आणि ती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जा, हिशेबाशी ताडून पाहा. जे जुळणार नाही त्याची लेखी तक्रार करा, खाली स्वतःची सही करून.