खारी हवा आणि काळ्या तबकड्या

आजचा विषय म्हणजे जुन्या जॅझ, ब्लूज आणि सोलच्या रेकॉर्ड्स जमवणं. आणि तेही कुठे, तर आपल्या अष्टागरात, जिथे श्रावणात कपाटातल्या चपलेवरसुद्धा बुरा येतो. हेडफोन लावा, बसा निवांत.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. जॅझ म्हटलं की आपल्याला वाटतं न्यू ऑर्लिन्स, न्यू यॉर्क, फार तर पॅरिस. पण मांडव्याहून बोटीत बसलात की जिथे उतरता, त्या गेटवेच्या समोरच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक जॅझ वाजवत होते. क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड अशी मंडळी. आपल्या देशात त्यांना जी इज्जत मिळाली नाही, ती काही प्रमाणात इथे मिळाली. त्यांच्या बाजूला बसून, कान देऊन शिकले ते गोव्याचे वादक. त्यातला एक अँतोनियो झेव्हियर वाझ, गाव हळदोणे. मुंबई त्याला ओळखायची ‘चिक चॉकलेट’ म्हणून. ट्रम्पेट वाजवायचा, आणि लोक त्याची तुलना थेट लुई आर्मस्ट्राँगशी करायचे.

आता हा चिक चॉकलेट पुढे कोणाबरोबर काम करायला लागला? पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांबरोबर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. पडद्यावर भगवानदादा, संगीत अण्णांचं, आणि चिकचा बँड त्या सिनेमात चक्क दिसतोही. म्हणजे बघा, तुमच्या आजीने लग्नाच्या मांडवात ज्या गाण्यावर ठेका धरला असेल, त्यात स्विंग होता. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. नवा कलेक्टर पहिल्या दिवसापासून ब्लू नोटच्या ओरिजिनल प्रेसिंगच्या मागे लागतो. रनआउटच्या कोऱ्या पट्टीत इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरचा शिक्का आहे का, ते भिंग लावून बघतो. बघा, हरकत नाही. पण त्या पैशात आपल्याच किनाऱ्यावरच्या किती गोष्टी वाचतील! शंकर-जयकिशनची ‘रागा जॅझ स्टाइल’ घ्या. १९६८ ची एलपी, अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. आज जगभरचे कलेक्टर तिच्या मागे आहेत. किंवा मुंबईची आशा पुथली. ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’वर गायली, मग सत्तरच्या दशकात स्वतःचे सोल-डिस्कोचे अल्बम काढले. आपल्यातल्या किती जणांनी नाव ऐकलंय? खरं सांगा.

बरं, आता मुद्दा घराचा. रेवदंडा, चौल, नागाव, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही जा. जुन्या घराच्या माळ्यावर एक ट्रंक असते. त्यात नाट्यसंगीताच्या जड ७८ च्या तबकड्या, मध्येच एखादी फॉक्सट्रॉटची, मुंबईत नोकरीला असलेल्या कुणा काकांनी आणलेली. घर विकायला निघतं, ट्रंक भंगारात जाते, तीसुद्धा किलोच्या भावाने. हे दर वर्षी होतंय, आणि तबकडी एकदा गेली की गेली. त्यातल्या कित्येक गाण्यांची दुसरी प्रत कुठे असेल, कोणीच सांगू शकत नाही.

त्या ट्रंकेतलं सामान हातात आलं, तर आधी ओळखायला शिका. ७८ ची तबकडी लाखेची असते. हो, तीच लाख, दागिन्यांत भरतात ती. हातातून पडली की कौलासारखी फुटते. एलपी व्हिनाइलची, १९४८ पासूनची, ती वाकते. भारतात ७८ साठच्या दशकातही निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा! त्यामुळे जड तबकडी म्हणजे फार जुनी, असा हिशेब करू नका.

हा फरक का सांगतोय? कारण व्हिनाइल धुताना लोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. तेच पाणी लाखेच्या तबकडीला लावलंत तर लाख विरघळते, गाणं पुसलं जातं. तिला नुसतं डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, आणि मधल्या कागदी लेबलला थेंब लागू द्यायचा नाही. सुईसुद्धा वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी नुसती खडखडत बसते.

आणि आपली खारी हवा. बुरशी काय करते, ती आधी कागदावर बसते. आतलं जुनं कागदी पाकीट दमट झालं की तिथून ती खाचांत उतरते, मग ऐकताना सतत चरचर. म्हणून आतली पाकिटं आधी बदला. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकावर एक थप्पी लावू नका. समुद्राकडच्या भिंतीला कपाट नको, आणि भिंतीला चिकटून तर अजिबात नको. सिलिका जेलच्या पुड्या घाला, पण त्या मधून मधून सुकवाव्या लागतात, हे सगळे विसरतात. हे काम मृग लागायच्या आत उरका.

प्लेअरबद्दल एकच सांगतो. त्या गोड दिसणाऱ्या सुटकेस प्लेअरची सुई बऱ्याचदा पाच ग्रॅमच्या आसपास वजन टाकते. चांगल्या कार्ट्रिजला दीड-दोन पुरतं. फोटो छान येतो, रेकॉर्ड घासली जाते. त्यापेक्षा सेकंडहँड चांगलं टर्नटेबल शोधा, पट्टा बदलून घ्या.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला जाल तेव्हा तबकडी उजेडात तिरकी धरून बघा, नख लागेल असा चरा असेल तर सोडा. आणि येताना रो-रोवर पिशवी गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका. उन्हात व्हिनाइल पापडासारखं वाकतं. मांडीवर घ्या, पाऊण-एक तासाचा तर प्रश्न आहे.