नावाविना राहिलेले हात : जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय



परंदवडी ज्या मावळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. दाते नावाने परके, परंतु त्यांचे खांब घडणीने शेजारच्या खांबांचेच भाऊबंद. दान कोणाचे ते दगडावर वाचता येते. छिन्नी कोणाची होती ते मात्र कळत नाही.

या व्यवहाराचे पुढील काळातील, अधिक गुंतागुंतीचे रूप जुन्या गोव्यात पाहावयास मिळते. तेथील ख्रिस्ती कला संग्रहालय १९९४ मध्ये राशोल येथील धर्मविद्यालयात सुरू झाले आणि २००२ मध्ये संत मोनिका मठाच्या चर्चमध्ये आले. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. मठाची स्थापना १६०६ ची. राशोलचे नाव मराठी वाचकास अपरिचित नसावे. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तेथेच छापले गेले. त्यात स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले आहे. शब्दांत जे घडले, तेच लाकूड, चांदी आणि हस्तिदंत यांतही घडले.

त्या काळच्या गोमंतकीय हस्तिदंती कामात बालयेशूचा ‘उत्तम मेंढपाळ’ हा एक आवडता विषय होता. डोंगराच्या शिखरावर बालक बसलेला, मांडीवर कोकरू, पाय दुमडलेले, गाल हातावर टेकलेला आणि नेत्र अर्धोन्मीलित. विषय बायबलातला, पण मुद्रा ध्यानस्थ बुद्धाची आठवण करून देणारी. हस्तिदंत बहुधा आफ्रिकेतून येई, मागणी पोर्तुगीज असे, हात गोमंतकीय. चर्चमधील प्रवचनपीठांनाही कित्येक ठिकाणी नागकन्यांनी आधार दिलेला आढळतो.

हे मीलन सुखासुखी झाले असे मानण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात गोव्यातील अनेक देवळे पाडली गेली. १५६७ च्या धर्मपरिषदेने तर ख्रिस्तेतर कारागिरांकडून मूर्ती व पूजेची उपकरणे करवून घेण्यास मनाई केली. अशा आज्ञा पुढेही निघत राहिल्या. एकच आज्ञा पुनःपुन्हा काढावी लागते तेव्हा ती पाळली जात नसते, हे कचेरीतील मंडळींना सांगावयास नको. कुशल हात दुसरे नव्हते, म्हणून काम त्याच सोनारांकडे व सुतारांकडे जात राहिले. ज्याचे देऊळ गेले, त्याच्याच वंशजाने चर्चची वेदी घडविली असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. त्याच्या मनात काय होते, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

उलट दिशेचा प्रवासही महाराष्ट्रास ठाऊक आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. गावकऱ्यांनी ते साल घासून काढले नाही, म्हणूनच आज त्या घंटेची हकीकत सांगता येते.

संग्रहालय म्हणजे केवळ काचेची कपाटे नव्हेत. चर्च, मठ आणि घरे यांतून वस्तू चोरीस जाण्याचे, मोडीत निघण्याचे वा बेसुमार रंगविले जाण्याचे भय असते. आपल्या खेड्यांत तरी काय वेगळे घडते? कोरीव चौकट विकली जाते, समई वजनावर जाते, जुन्या लाकडी मूर्तीवर तैलरंगाचे थर चढतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते, आणि जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पंचायतीच्या बैठकीत हे एकदा वाचून दाखविण्यास खर्च येत नाही.

शाळेने गावातील जुन्या वस्तूंची वही केली, तर तीत छायाचित्र, मापे, साल आणि मालक यांच्या नोंदी होतीलच. ‘घडविणारा कोण’ हा रकाना मात्र प्रथम आखावा आणि तो भरण्यासाठी गावातील वृद्ध सुतार, तांबट व पाथरवट यांच्याकडे मुलांना पाठवावे. गेल्या दोन-तीन पिढ्यांतील नावे त्यांना अजून सांगता येतील.